मुक्कामावांचून पाहुणचार

ज्या घरीं रात्रीं पथारी पसरावयाची नाहीं, त्या घरीं दिवसभर पाय पसरून बसावें कीं नाहीं, हा प्रश्न उतारवयांत, तोही सातासमुद्रांपलीकडे, आमच्यापुढें उभा राहील असें आम्हांस स्वप्नांतही वाटलें नव्हतें. मनुस्मृतींत एक रात्र राहणाऱ्या ब्राह्मणास अतिथि म्हटलें आहे. त्याचें राहणें नित्य नाहीं म्हणून तो अतिथि, अशी उपपत्तिही तेथेंच दिली आहे. मग जो एक रात्रही राहत नाहीं, दिवाणखान्यांतील खुर्चीवर बसतो, गच्चीवरून देखावा पाहतो, आणि दिवे लागल्यावर आपल्या वाटेनें निघून जातो, त्यास काय म्हणावें? चाळीस वर्षें मुलांकडून शब्द घोकून घेतले, पण या मनुष्यास शब्द आमच्यापाशीं नव्हता.

स्थळाचा परिचय आधीं करून दिला पाहिजे. अमेरिकेंतील फ्लॉरिडा संस्थानांत ऑर्लँडो शहराजवळ वॉल्ट डिस्ने वर्ल्ड या नांवाची क्रीडानगरी आहे. ती १ ऑक्टोबर १९७१ रोजीं उघडली. जिच्यामागें ज्याची कल्पना, तो वॉल्ट डिस्ने १९६६ सालींच वारला. त्यामुळें ती पाहणें त्याच्या नशिबीं नव्हतें. त्याचें पहिलें उद्यान कॅलिफोर्नियांत ॲनाहाइम गांवीं १९५५ सालीं निघालें होतें. तेथें जागा तुटपुंजी. उद्यानाच्या कुंपणाबाहेर परक्यांनीं उतारूंच्या खोल्यांची व दुकानांची अशी दाटी केली कीं, जत्रा एकाची आणि उत्पन्न दुसऱ्यांचें असा प्रकार झाला. त्या अनुभवानें शहाणें होऊन त्यानें फ्लॉरिडांत निरनिराळ्या नांवांच्या कंपन्यांमार्फत, कोणास पत्ता लागूं न देतां, सुमारें २७,००० एकर जमीन विकत घेतली. आतां कुंपणाच्या आंत उद्यानेंही त्या संस्थेचीं आणि बहुतेक हॉटेलेंही त्याच संस्थेचीं. खेळ दाखविणाऱ्यानेंच बिऱ्हाडें बांधल्यावर प्रत्येक बिऱ्हाड हाही एक खेळच झाला. एक हॉटेल पॅसिफिक महासागरांतील बेटासारखें, दुसरें अमेरिकेच्या वायव्येकडील अरण्यासारखें, तिसरें आफ्रिकेंतील माळरानासारखें, असा तो सारा संसार आहे.

वाचकांनीं ध्यानांत धरावयाची गोष्ट ही कीं, उद्यानांत जावयास तिकीट लागतें व तें माणशीं शंभर डॉलरांहून अधिक आहे. उंची हॉटेलांत रात्र काढावयाची तर एका खोलीस कित्येकशें डॉलर मोजावे लागतात. परंतु हॉटेलाचा दिवाणखाना, अंगण, बाग, तळ्याचा कांठ, दुकानें व भोजनगृहें हीं तेथें न राहणाऱ्यांसही मोकळीं असतात. त्यांस तिकीट नाहीं.

आमचा धाकटा मुलगा शेजारच्या जॉर्जिया संस्थानांत नोकरीस आहे. २०२३ सालच्या हिवाळ्यांत आम्ही उभयतां त्याच्याकडे होतों. नाताळच्या अगोदर रजा घेऊन त्यानें सर्वांस ऑर्लँडोस न्यावयाचें ठरविलें. आमच्या सौभाग्यवतींचे गुडघे दहा वर्षें कुरकुरत आहेत. तीं उद्यानें म्हणजे दिवसभराची पायपीट. तेव्हां आईस चालावें न लागतां कांहीं पाहावयास मिळावें म्हणून, ज्या हॉटेलाच्या सज्जांतून जिराफ दिसतात त्या हॉटेलांत दोन खोल्या दोन रात्रींसाठीं घेण्याचा त्यानें घाट घातला. त्याचा आंकडा आम्हीं त्याच्या खांद्यावरून चोरून पाहिला. आमच्या सहा महिन्यांच्या निवृत्तिवेतनाहून तो मोठा होता. घराचे हप्ते डोक्यावर, कचेरींत माणसें कमी करण्याची बोलणीं चाललेलीं, आणि हा गृहस्थ जिराफांसाठीं कर्ज काढावयास निघालेला! आम्हीं तोंड मिटून घेतलें. सौभाग्यवतींनीं तें मिटलें नाहीं. “जिराफ बघायला एवढे पैसे? तुम्ही सगळे जा. मी आपली घरीं बसतें.” त्यावर मुलगा म्हणाला, “आई, तूं पुन्हां येणार आहेस का?” तो बोलून गेला खरा, पण पुढें दोन दिवस मायलेंकांत मीठ-भाकरीपुरतेंच भाषण झालें.

यांतून वाट सूनबाईंनीं काढली. राहावयाचें बाहेरच्या एका साध्या, स्वस्त हॉटेलांत. एक दिवस मुलगा, सून व नातवंडें यांनीं तिकिटें काढून उद्यानांत जावें. त्या दिवशीं आम्ही म्हाताऱ्यांनीं हॉटेलें पाहावींत. आणि शुक्रवारीं सर्वांनीं मिळून जिराफांच्या हॉटेलांत जेवावयास जावें, राहावयास नव्हे. आम्हांस हें पटलें. सौभाग्यवतींस पटलें नाहीं. “ओळख ना देख, लोकांच्या ओसरीवर जाऊन काय बसायचें?” हा त्यांचा आक्षेप आणि तो आम्हांस निरुत्तर करणारा होता.

पहिल्या दिवशीं मोटार उद्यानाच्या मोठ्या तळावर ठेविली. तिचें भाडें पडतें. तेथून मोनोरेल नांवाची एका रुळावरची उंचावरून धांवणारी गाडी निघते. तिचा एक मार्ग तळ्याभोंवतीं फिरून तीन हॉटेलांशीं थांबतो व त्यास तिकीट लागत नाहीं. स्टेशनांत शिरतांना पिशव्या मात्र तपासतात. मुलें मॅजिक किंग्डम उद्यानाशीं उतरलीं. आम्ही दोघें पुढें गेलों. एकाएकीं गाडी एका इमारतीच्या पोटांत शिरली! तिचें नांव कंटेम्पररी. उद्यानाबरोबरच १९७१ सालीं ती उघडली. उलट्या व्हीसारखा तिचा घाट, आणि त्याच्या मधल्या पोकळींतून आगगाडी जाते. बांधणीची तऱ्हाही चमत्कारिक. लोखंडी सांगाडा आधीं उभा केला, खोल्या दुसरीकडे सज्ज केल्या, आणि यारीनें उचलून, कपाटांत खण सरकवावे तशा त्या सांगाड्यांत सरकविल्या. मध्यभागीं ९० फूट उंचीचें फरश्यांचें भित्तिचित्र आहे. तें मेरी ब्लेअर या चित्रकर्त्या बाईंनीं काढलें. त्यांत एका बकरीस पांच पाय आहेत. ती शोधून काढणें हा तेथील आबालवृद्धांचा खेळ. आमच्या सौभाग्यवतींस ती प्रथम सांपडली, आणि त्या क्षणापासून “लोकांची ओसरी” हा शब्द त्यांच्या तोंडून थोडा कमी झाला.

पुढचें ठाणें ग्रँड फ्लॉरिडियन. हें १९८८ सालीं उघडलें. पांढऱ्या भिंती, तांबडीं छपरें, व्हिक्टोरिया राणीच्या अमदानींतील समुद्रकांठच्या श्रीमंती हॉटेलांचा थाट; कॅलिफोर्नियांतील १८८८ सालचें हॉटेल डेल कोरोनाडो डोळ्यांपुढें ठेवून तें बांधिलें असें म्हणतात. आंतील दिवाणखाना पांच मजले उंच आहे. १९९९ सालापासून नाताळांत तेथें आलेपाकाच्या जातीच्या मसालेदार रोटांचें खरोखरीचें घर बांधण्याची रीत पडली; आम्हीं तें पाहिलें. माणूस आंत उभें राहील एवढें तें मोठें, आंत दुकान, आणि दालचिनी-आल्याचा वास साऱ्या दिवाणखान्यांत दरवळत होता. सौभाग्यवतींनीं अंड्याची चौकशी केली, आणि वासावरच समाधान मानलें. आम्ही तेथें मऊ खुर्च्यांवर दीड तास बसलों. कोणी हटकलें नाहीं. मोठ्या हॉटेलांत बसणारा मनुष्य पाहुणा कीं वाटसरू हें कोणी कपाळावरून वाचीत नाहीं, आणि तेथील नोकरवर्ग वाचूं इच्छीतही नाहीं.

तिसरें पॉलिनेशियन व्हिलेज, हेंही १९७१ सालचें. तेथें अननसाची एक थंडगार बर्फाळ खीर कागदी पेल्यांत मिळते. ती घेऊन वाळूवर मांडलेल्या खुर्च्यांत बसावें. समोरचें तळें नैसर्गिक नाहीं. तें खणून काढिलेलें आहे. त्याची माती पलीकडील उद्यानाखालीं घालून जमीन उंच केली, आणि त्या उंचवट्याच्या आंत नोकरांच्या येण्याजाण्याचे बोगदे ठेविले. तळ्याचें पाणी बघण्यापुरतेंच. त्यांत पोहूं देत नाहींत. रात्रीं त्या कांठावरून पलीकडील दारूकाम दिसतें, आणि पाण्यावरून दिव्यांच्या आकृतींची तराफ्यांची मिरवणूक जाते. मासे, कासव, समुद्रसर्प असे सारे प्राणी दिव्यांचे. ही मिरवणूक १९७१ सालच्या ऑक्टोबरांत सुरू झाली. त्या काळच्या मानानें ती साधी आहे, आणि म्हणूनच ती आम्हांस फार आवडली. आमच्या गांवच्या त्रिपुरी पौर्णिमेस नदींत सोडलेले दिवे आठवले. मुलें उद्यानांतून थकूनभागून परत आलीं तेव्हां आम्ही दोघें ताजेतवाने होतों. नातवानें अभिमानानें सांगितलें, “आजोबा, आम्ही दोन तास रांगेंत उभे होतों!” आम्हीं त्याचें मनापासून कौतुक केलें.

दुसरा दिवस गुरुवार. मार्गशीर्षांतील गुरुवार म्हणून सौभाग्यवतींचें व्रत होतें. हॉटेलांतील लहान टेबलावर स्टीलच्या पेल्याचा कलश मांडून पूजा झाली. उपास असल्यामुळें कोणत्याही भोजनगृहांत जागा राखून ठेविली नव्हती, आणि येथेंच घोटाळा झाला. दुपारीं आम्ही मोटारीनें एका हॉटेलाच्या फाटकाशीं गेलों. नांव सांगण्याचें कारण नाहीं, कारण चूक आमचीच. पहारेकऱ्यानें अदबीनें विचारलें, “आपण येथें राहतां काय? नाहीं? मग जेवणाची जागा राखली आहे काय?” दोन्ही नाहीं म्हटल्यावर त्यानें तितक्याच अदबीनें मोटार वळवून घेण्याचा रस्ता दाखविला. गर्दीच्या दिवसांत असें होतें, व त्यास सबळ कारणही आहे. कांहीं हॉटेलांतून उद्यानापर्यंत पायीं जातां येतें. तेव्हां उद्यानाच्या तळाचें भाडें चुकविण्याकरितां लोक हॉटेलांत मोटार फुकट ठेवून पसार होतात. त्यांच्या लबाडीचा दंड इतरांस भरावा लागतो.

हें सर्व आम्हीं गाडींतच समजावून सांगितलें. परंतु सौभाग्यवती खिडकीबाहेर पाहत राहिल्या. थोड्या वेळानें एवढेंच म्हणाल्या, “सत्तर वर्षांत दारांतून परत फिरायची वेळ कधीं आली नव्हती.” मुलाचा चेहरा पडला. दोन खोल्या घेतल्या असत्या तर हें ऐकावें लागलें नसतें, हा विचार त्याच्या कपाळावर स्पष्ट उमटला होता. आणि त्या रात्रीं तो पुन्हां त्या खोल्यांचे दर पाहत बसल्याचें आम्हीं पाहिलें. सौभाग्यवतींनीं शुक्रवारीं न येण्याचें जाहीर केलें.

सूनबाई शेजारीं जाऊन बसल्या. त्यांनीं आपल्या मोबाइलमधील एक पान सासूबाईंपुढें धरिलें. त्यावर वार, वेळ, सहा माणसें आणि आमचें आडनांव होतें. “आई, उद्यां असें सहज जायचें नाहीं. उद्यां आपल्याला बोलावणें आहे. हें बघा, नांवानिशीं.” आम्हीं चष्मा लावून तें पान दोनदां वाचलें. अतिथि आणि निमंत्रित हे दोन वर्ग धर्मशास्त्रांत वेगळे आहेत, हें आम्हांस त्या वेळीं आठवलें आणि तें आम्हीं सांगितलेंही. शास्त्राचा उपयोग किती झाला कोण जाणे, नांवाचा झाला. एरवीं हीच युक्ति सर्वांनीं करावी असें आमचें मत आहे. भोजनाची जागा आगाऊ राखिली म्हणजे फाटक उघडतें, मोटार ठेवावयास पैसे पडत नाहींत, आणि मनासही ठेंच लागत नाहीं.

तें हॉटेल म्हणजे ॲनिमल किंग्डम लॉज. तें २००१ सालच्या एप्रिलांत उघडलें. पीटर डॉमिनिक हा त्याचा शिल्पज्ञ. त्याचा दिवाणखाना पाहून आम्ही दारांतच थबकलों. गवती छपरासारखें उंच छत, ढालींचीं झुंबरें, आणि ठिकठिकाणीं आफ्रिकेंतील खऱ्या कलाकृति. नायजेरियांतील इग्बो लोकांचा इजेले नांवाचा देव्हाऱ्याएवढा थोरला मुखवटाही त्यांत आहे. मागील दारानें बाहेर पडलें कीं एक खडकाळ उंचवटा लागतो, आणि त्याच्या तिन्ही बाजूंस माळरान. हें माळरान हॉटेलांत न राहणाऱ्यासही येथून पाहतां येतें. जिराफ, झेब्रे, आणि आंकोले जातीचीं गुरें. या गुरांचीं शिंगें पाहून आमच्या खिलारी बैलांनीं मान खालीं घालावी! जनावरें व माणसें यांच्यामध्यें गज नाहींत. झाडींत लपविलेले चर व कुंपणें आहेत, तीं सहसा दिसत नाहींत. जनावरें सकाळीं किंवा उन्हें कलल्यावर अधिक हिंडतात, म्हणून भर दुपारीं जाऊं नये.

आम्ही चारच्या सुमारास पोंचलों. एक जिराफ सावकाश चालत अगदीं समोर आला आणि झाडास टांगलेला पाला खाऊं लागला. सौभाग्यवती कठड्यास धरून उभ्या होत्या. बसा म्हटलें तर बसेनात. पाऊण तास त्या उभ्या होत्या, आणि गुडघ्यांचें नांवही काढिलें नाहीं. मग मुलगा त्यांच्या शेजारीं जाऊन उभा राहिला. त्या त्यास म्हणाल्या, “पापण्या बघ रे त्याच्या. तूं लहानपणीं अस्साच होतास.” मायलेंकांचें पुढें काय बोलणें झालें तें आम्हीं ऐकलें नाहीं, आम्ही मुद्दाम मुखवट्याकडे परत गेलों.

जेवण सनाआ नांवाच्या भोजनगृहांत. तें याच हॉटेलाच्या किदानी नांवाच्या दुसऱ्या इमारतींत, पायवाटेनें दहा मिनिटांवर आहे. ती इमारत २००९ सालीं उघडली. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हिंदी व्यापाऱ्यांनीं नेलेले मसाले तेथील स्वयंपाकांत मुरले, त्या मिश्रणावर हें भोजनगृह उभें आहे. शाकाहाऱ्यांस येथें उपाशी राहावें लागत नाहीं, ही आमच्या वाचकभगिनींकरितां मुद्दाम नोंद. पोळ्यांचें एक ताट मिळतें. त्यांत नान, कांद्याचा कुलचा, पनीरचा पराठा वगैरे, आणि सोबत नऊ वाट्या: काकडीची कोशिंबीर, आंब्याची, चिंचेची व कोथिंबिरीची चटणी, लसणाचें लोणचें, असें बरेंच कांहीं. खिडकीबाहेर झेब्रे चरत आहेत आणि आपण चिंचेच्या चटणीशीं नान खात आहों, हा योग विधात्यानें कसा जुळविला कोण जाणे. चटण्यांस तिखटपणा बेताचाच. सौभाग्यवतींनीं आपल्या पिशवींतून पुडी काढिली. आम्हीं डोळ्यांनीं नको म्हटलें. ती परत गेली.

येथें एक अप्रिय प्रसंगही सांगितला पाहिजे. किदानीच्या मागें पोहण्याचा सुंदर हौद आहे व त्यास घसरगुंडी आहे. नातवानें ती पाहिली, आणि हट्ट धरिला. हे हौद तेथें राहणाऱ्यांकरितांच असतात. फाटकास कडी असते आणि ती खोलीवाल्यांच्या पट्ट्यानें उघडते. मुलाच्या ओळखीच्या एका गृहस्थानें त्यास पूर्वींच सांगून ठेविलें होतें कीं, कोणी आंत शिरत असेल त्याच्यामागून शिरावें, कोण विचारतो! नातू रडत होता, फाटक नुकतेंच उघडलें होतें, आणि मुलगा क्षणभर आमच्याकडे पाहत राहिला. आम्हीं मान हलविली. ज्याचें मोल दुसऱ्यानें खोलीच्या भाड्यांत भरलें तें आपण फुकट घ्यावयाचें, तर मग काल फाटकावरून परत पाठविणाऱ्या पहारेकऱ्याचें काय चुकलें होतें? नातवास हा युक्तिवाद मुळींच पटला नाहीं. तो मोटारींत झोंप लागेपर्यंत रडला, आणि आम्हांस त्याचें वाईट वाटलें, हेंही प्रामाणिकपणें लिहितों.

इतर ठिकाणें आम्हीं शनिवारीं धांवतीं पाहिलीं. वाइल्डरनेस लॉज हें १९९४ सालचें. यलोस्टोन अरण्यांतील ओल्ड फेथफुल इन या जुन्या लांकडी हॉटेलावरून तें उचललें आहे. आंत ८२ फूट उंचीची चूल, म्हणजे आपल्याकडील देवळाचें शिखरच. दिवाणखान्यांत उगम पावलेला झरा बाहेर ओढा होऊन वाहतो, आणि तळ्याच्या कांठीं कृत्रिम गरम कारंजें ठराविक वेळानें उसळतें. मॅजिक किंग्डमच्या धक्क्यावरून तेथें नाव जाते. नावेनेंच फोर्ट वाइल्डरनेस या तंबूंच्या वसाहतींत जातां येतें. संध्याकाळीं तेथें शेकोटी पेटवून गाणीं म्हणतात, व तीस कोणीही बसावें. मुलें काठीला लावून पांढऱ्या मऊ वड्या भाजतात. त्या वड्यांत जनावरांच्या हाडाकातड्यापासून काढलेला सरस असतो, म्हणून आमच्या घरच्यांनीं आपलीं कणसें नेलीं असतीं तर बरें झालें असतें. एप्कॉट उद्यानाच्या मागील दाराशीं तळ्याभोंवतीं बोर्डवॉक वगैरे हॉटेलें आहेत. तेथें रात्रीं फेरफटका करावा. तेथूनच स्कायलाइनर नांवाचे दोरावरून जाणारे पाळणे निघतात. हे २०१९ सालच्या सप्टेंबरांत सुरू झाले, त्यांसही तिकीट नाहीं, आणि सौभाग्यवतींनीं त्यांत डोळे मिटून प्रवास केला. एका हॉटेलांतून दुसऱ्यांत जावयास सरळ बस सहसा नसते. मध्यें एखाद्या उद्यानाशीं उतरून बदलावी लागते, त्यांत तास मोडतो. दिवसास दोन हॉटेलें, फार तर तीन. अधिकाची हांव धरूं नये.

रविवारीं सकाळीं निघण्यापूर्वीं आमच्या स्वस्त हॉटेलाच्या अंगणांतील हौदांत नातवानें तासभर पाणी उडविलें. हौद लहान, पाणी गार, घसरगुंडी नाहीं. तो बाहेर निघेना.

जिराफाचें तें छायाचित्र मुलानें मोठें करून पाठविलें. सध्यां तें आमच्या माजघरांत लागलेलें आहे. त्यांत जिराफाच्या मानेआड सौभाग्यवतींचा पदर दिसतो. पाहणारा हमखास विचारतो, “तिथें राहिलां होतां वाटतें?” आमच्या जाऊबाईंनींही परवां तेंच विचारलें. सौभाग्यवती म्हणाल्या, “छे हो, जेवायला गेलों होतों. बोलावणें होतें.”